रॅडबोर्नचा उजवा हात

बेसबॉल या खेळाच्या आकडेवारीत एक आकडा असा आहे की, तो प्रथम वाचणाऱ्याला छापखान्याची चूक वाटते. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स या शहराच्या संघाकडून खेळणाऱ्या चार्ल्स रॅडबोर्न नावाच्या माणसाने १८८४ च्या एका हंगामात ५९ सामने जिंकून दिले. विसाव्या शतकातला या बाबतीतला उच्चांक ४१ सामन्यांचा, तो जॅक चेसब्रोने १९०४ साली केला. एका हंगामात तीसच्या वर जाणारा शेवटचा खेळाडू डेनी मॅक्लेन. १९६८ साली त्याने ३१ सामने जिंकले. त्यानंतर तिशी कोणीच गाठलेली नाही. मग ५९ कसे झाले? रॅडबोर्न काही राक्षस नव्हता. मध्यम बांध्याचा, ओठांवर भरघोस मिशा असलेला माणूस. त्याचा हात असा कसा चालला, त्यापेक्षाही तो असा का चालवावा लागला, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण त्याचे उत्तर खेळात जितके आहे तितकेच करारपत्रात आहे.

बेसबॉल आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नसतो, तेव्हा चार शब्द खेळाविषयी. प्रत्येक संघात ९ खेळाडू. फलंदाज एका वेळी एकच, आणि त्याला चेंडू टाकणारा तो पिचर. चेंडू टप्पा न घेता सरळ फलंदाजाकडे जातो. आपल्या भाषेत प्रत्येक चेंडू फुलटॉस. चांगला पडलेला चेंडू फलंदाजाने सोडला किंवा मारताना चुकवला, तर ती 'स्ट्राइक'. अशा ३ झाल्या की तो बाद. दूर किंवा उंच गेलेला वाईट चेंडू म्हणजे 'बॉल'; असे ठरावीक संख्येने पडले की फलंदाज न मारताच पहिल्या बेसवर चालत जातो. आज ही संख्या ४ आहे, १८८४ च्या नॅशनल लीगमध्ये ती ६ होती. ३ गडी बाद झाले की डाव बदलतो आणि प्रत्येक संघाला असे ९ डाव मिळतात. षटक संपले म्हणून दुसऱ्याने चेंडू घ्यावा, अशी सोय येथे नाही. एकच पिचर टाकीत राहतो. म्हणूनच सामन्याची हारजीत संघाबरोबर त्याच्याही नावावर लिहिली जाते.

क्रिकेट आणि बेसबॉल या दोन खेळांची नाळ एकच आहे की नाही, याबद्दल वाद घालणारे घालोत. चेंडू टाकणाऱ्या हाताचा प्रवास मात्र दोहोंत थेट एकाच वाटेने झाला. क्रिकेटमध्ये आरंभी चेंडू खालून, कमरेखालच्या हाताने टाकीत. १८३५ साली खांद्याच्या उंचीपर्यंत हात नेण्याची मुभा मिळाली. १८६२ साली ओव्हल मैदानावर एडगर विल्शरने हात खांद्याच्या वर नेला म्हणून पंच जॉन लिलीव्हाइटने त्याचे चेंडू लागोपाठ 'नो बॉल' ठरविले आणि मोठे रामायण घडले. अखेर १८६४ साली वरून चेंडू टाकणे नियमात बसले. बेसबॉलमध्येही पिचरचे काम मुळात फलंदाजाला मारता येईल असा चेंडू खालून पुढे करण्याचे, म्हणजे जवळजवळ नोकराचेच होते. हळूहळू हात कमरेपर्यंत, १८८३ साली खांद्यापर्यंत आणि १८८४ साली नॅशनल लीगमध्ये पूर्णपणे मोकळा झाला. फरक एवढाच की क्रिकेटने कोपर सरळ ठेवण्याचे बंधन कायम ठेवले. फेकी गोलंदाजीवरून आपल्याकडे अजून वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. बेसबॉलने तेही सोडून दिले. तेथे चेंडू उघड उघड फेकलाच जातो.

म्हणजे रॅडबोर्नचे ते वर्ष हे दोन युगांच्या सांध्यावरचे वर्ष होते. हात मोकळा झाला होता. पण पिचर व फलंदाज यांच्यातले अंतर अजून ५० फूटच होते. ते ६० फूट ६ इंच झाले १८९३ साली. पिचर एका आखलेल्या चौकटीत उभा राही व तीत पावले टाकून चेंडू सोडी. फलंदाजाला उंच चेंडू हवा की खाली, हे आधी सांगण्याचा हक्क होता आणि पिचरला ते ऐकावे लागे! क्षेत्ररक्षकांपैकी अनेकजण उघड्या हातांनीच झेल घेत. पिचरच्या मागे बसणाऱ्या कॅचरचे, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकाच्या भावकीतल्या माणसाचे, तर फारच हाल होत. बार्नी गिलिगन हा प्रॉव्हिडन्सचा कॅचर. रॅडबोर्नच्या पराक्रमाचा अर्धा हिशेब त्याच्या बोटांनी चुकता केला, पण त्याचे नाव आज कोण घेतो?

रॅडबोर्नचा जन्म ११ डिसेंबर १८५४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर येथे झाला. वाढला मात्र इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टन या गावी. वडील खाटिकाचा व्यवसाय करीत. मुलानेही तेच काम केले, काही काळ रेल्वेत ब्रेक ओढण्याची नोकरी केली. पुढे कोणी त्याला, रोज रोज चेंडू टाकून थकत नाहीस का, असे विचारले, तेव्हा तो म्हणाल्याचे सांगतात की, पहाटेपासून रात्रीपर्यंत घणाने बैल पाडणाऱ्या माणसाला दोन तास पाच औंसांचा चेंडू टाकण्याचे काय वाटणार, आणि तेही दसपट पैशांत! हे वाक्य त्याचेच की पत्रकारांनी त्याच्या तोंडी घातलेले, ते सोडून देऊ. पण खेळ ही त्याच्या लेखी मजुरी होती आणि इतर मजुऱ्यांपेक्षा बरी मजुरी होती, हे त्यातून नेमके कळते. १८८१ साली तो प्रॉव्हिडन्सच्या संघात आला. त्या वर्षी त्याने २५ सामने जिंकले, १८८३ मध्ये ४८. संघाला हवा तेव्हा उभा राहणारा म्हणून त्याला 'ओल्ड हॉस', म्हणजे जुना घोडा, असे नाव पडले. घोड्याला लावायचे नाव माणसाला लावले गेले, ते प्रेमानेच. तरी मला त्यात थोडी उपरोधाची छटा दिसते.

कारण घोड्यासारखाच तो मालकीचा होता. १८७९ साली नॅशनल लीगच्या मालकांनी आपसांत एक करार केला: प्रत्येक संघाने आपले ५ खेळाडू राखून ठेवायचे आणि त्या पाचांना दुसऱ्या कोणीही घ्यायचे नाही. १८८३ पर्यंत ही संख्या ११ झाली. संघात तेव्हा माणसेच डझनभर, म्हणजे जवळपास सगळेच राखीव. खेळाडूचा करार एका हंगामाचा असे, पण हंगाम संपला तरी तो मोकळा होत नसे. देतील त्या पगारावर त्याच मालकाकडे सही करायची, नाहीतर खेळ सोडून घरी बसायचे. नियम मोडून पळालेल्याचे नाव काळ्या यादीत जाई.

१८८४ च्या हंगामात प्रॉव्हिडन्सकडे दोन पिचर होते: २९ वर्षांचा रॅडबोर्न आणि एकविशीतला चार्ली स्वीनी. स्वीनीने ७ जून रोजी बॉस्टनच्या १९ फलंदाजांना एकाच सामन्यात स्ट्राइकवर बाद केले; ९ डावांच्या सामन्यातला हा आकडा ओलांडला जायला १९८६ साल उजाडावे लागले. गावाने पोराला डोक्यावर घेतले. रॅडबोर्नला ते रुचले नाही. तो स्वभावाने आधीच तुसडा, त्यात मद्याची सवय. १६ जुलैच्या सामन्यात पंचांच्या निर्णयाने तो बिथरला, मग चेंडू कसेतरी फेकू लागला आणि सामना गेला. संघाने त्याला निलंबित केले.

सहाच दिवसांनी, २२ जुलैला, दुसरा स्फोट झाला. स्वीनी चेंडू टाकीत होता आणि संघ पुढे होता. व्यवस्थापक फ्रँक बँक्रॉफ्टने त्याला उजव्या कोपऱ्यात क्षेत्ररक्षणाला जायला सांगितले आणि तेथे उभ्या असलेल्या मिलरला चेंडू देण्याचे ठरविले. त्या काळी दुखापत झाल्याखेरीज राखीव खेळाडू मैदानात आणता येत नसे, त्यामुळे पिचर बदलायचा म्हणजे मैदानावरच्या दोघांची अदलाबदल करायची. स्वीनी, तोही प्यायलेला, जागा बदलायला तयार होईना. शिवीगाळ करून तो चक्क मैदान सोडून गेला. प्रॉव्हिडन्सने उरलेला सामना आठजणांत खेळून गमावला. स्वीनीला बडतर्फ केल्यावर तो सेंट लुईसच्या संघात दाखल झाला. ते त्याला जमले, याचे कारण त्या वर्षी 'युनियन असोसिएशन' नावाची नवी लीग निघाली होती आणि ती राखीव नियम मानीत नव्हती.

आता प्रॉव्हिडन्सकडे एक पिचर निलंबित, दुसरा पळालेला. संघच बरखास्त करावा काय, यावर संचालकांची चर्चा सुरू झाली. त्या बैठकीच्या वेळी बँक्रॉफ्टने रॅडबोर्नशी बोलणे केले. रॅडबोर्न उरलेला हंगाम एकट्याच्या हातावर ओढायला तयार झाला. त्याच्या अटी दोन होत्या. पगार वाढवावा, ही पहिली. हंगाम संपल्यावर आपल्याला राखीव यादीतून मोकळे करावे, ही दुसरी.

बेसबॉलच्या इतिहासात ही गोष्ट बहुधा संघनिष्ठेची कथा म्हणून सांगितली जाते: रुसलेला वीर संकटकाळी धावून आला, वगैरे. मला ती वेठबिगारीतल्या माणसाने अंगमेहनत देऊन स्वतःला सोडवून घेण्याची कथा वाटते. सावकाराने सांगावे, एवढी सुगी एकट्याने काढ, मग तू मोकळा. आणि त्याने विळा उचलावा.

पुढचे दोन महिने त्याने जवळजवळ प्रत्येक सामन्यात चेंडू टाकला. एखाद्या दिवशी दुसऱ्याने टाकला, तर रॅडबोर्न क्षेत्ररक्षणाला उभा असे. ७ ऑगस्टपासून ६ सप्टेंबरपर्यंत संघाने ओळीने २० सामने जिंकले, त्यांतले १८ रॅडबोर्नच्या नावावर आहेत. या काळातली बँक्रॉफ्टने नंतर सांगितलेली आठवण ऐकण्याजोगी आहे. सकाळी उठल्यावर रॅडबोर्नचा उजवा हात केस विंचरण्याइतकाही वर जात नसे. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि अगदी जवळून, काही फुटांवरून, लहान मूल फेकते तसा चेंडू टाकायला लागे. हात तापेल तसतसा एकेक पाऊल मागे सरके. वेदनेने चेहरा वाकडा होई, पण थांबत नसे. होता होता तो मैदानाच्या टोकाला पोचून तेथून चेंडू थेट फलंदाजाच्या जागेपर्यंत भिरकावी. तोवर बाकीचे खेळाडू आपले काम सोडून त्याच्याकडे बघत उभे असत. तो चेंडू पोचला की त्यांचे चेहरे खुलत. आजचा दिवस निघाला!

हंगामाअखेर प्रॉव्हिडन्सने ८४ सामने जिंकले होते, २८ हरले होते, आणि अजिंक्यपद त्यांचे झाले होते. रॅडबोर्नने ६७८ डावांहून अधिक चेंडू टाकले, ७३ सामने स्वतः सुरू करून स्वतःच पूर्ण केले, ४४१ फलंदाजांना स्ट्राइकवर बाद केले. एका हंगामात याहून जास्त डाव टाकणारा एकच माणूस आहे, १८७९ सालचा विल व्हाइट: ६८० डाव. पण व्हाइटचा हात तेव्हा नियमाने खालीच होता. एवढ्यावर भागले नाही. ऑक्टोबरच्या २३, २४ व २५ तारखांना दुसऱ्या लीगच्या विजेत्या न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सशी तीन सामने ठरले. तिन्ही रॅडबोर्ननेच टाकले, आणि ६–०, ३–१, १२–२ असे तिन्ही जिंकले.

येथे ५९ च्या आकड्याविषयी खुलासा करायला हवा, कारण कित्येक जुन्या पुस्तकांत तो ६० असा आहे. २८ जुलैच्या फिलाडेल्फियातील सामन्यात सुरुवात मिलरने केली. संघ आघाडीवर आल्यानंतर उरलेले डाव रॅडबोर्नने टाकले. त्या वेळच्या धावलेखकाने विजय रॅडबोर्नच्या खात्यावर मांडला. आजच्या नियमाने तो मिलरचा होतो. पुढच्या काळातला नियम मागच्या काळाला लावावा की नाही, हा वाद इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ओळखीचा आहे. माझा कल ५९ कडे आहे, तो एवढ्याचसाठी की मिलरलाही काहीतरी मिळावे!

मग शरीराने हे सहन केले कसे? एक तर, अंतर कमी असल्याने आणि चेंडू वापरून वापरून मऊ पडत असल्याने प्रत्येक चेंडूला सगळी ताकद लावावी लागत नसे. वर हात नेण्याची परवानगी मिळाली तरी रॅडबोर्न खालून, बाजूने, वरून असे हाताचे कोन बदलत राही. भार एकाच सांध्यावर पडत नसे. आजचा पिचर ताशी ९५ मैलांच्या वर चेंडू फेकतो. त्या क्षणी त्याचा खांदा सेकंदाला सुमारे ७००० अंश या गतीने आतल्या बाजूला फिरतो. माणसाच्या शरीराच्या सर्वांत जलद हालचालींपैकी ही एक. त्याचा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लहानशा अस्थिबंधावर येतो आणि तो तुटतो. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा कंडरा बसवून ती जागा भरून काढली. तो १९७६ मध्ये पुन्हा खेळू लागला आणि त्यानंतर त्याने १६४ सामने जिंकले. आज ही शस्त्रक्रिया त्याच्या नावानेच ओळखली जाते आणि शाळकरी मुलांवरही करावी लागते. साधारण १०० चेंडू झाले की आता पिचरला बाहेर काढतात. हंगामात २०० डाव टाकणारे बोटांवर मोजण्याइतके. जुने लोक कणखर आणि हल्लीचे नाजूक, असे म्हणण्यात अर्थ नाही. काम वेगळे आहे. आणि मालकाच्या दृष्टीने हाताची किंमतही वेगळी आहे: १८८४ मध्ये तो एका हंगामात संपला तरी मालकाचे फारसे नुकसान नव्हते.

रॅडबोर्नचा हात एकदम संपला नाही, पण पूर्वीचा राहिला नाही. १८८५ मध्ये त्याचे विजय २८ वर आले. होय, १८८५ मध्येही तो प्रॉव्हिडन्समध्येच होता. ज्या मोकळिकीसाठी एवढे केले, ती पदरात पडल्यावर त्याने पुन्हा त्याच संघाकडे सही केली. पैसे बरे देऊ केले होते हे उघड आहे. शिवाय युनियन असोसिएशन एकाच हंगामात बुडाली होती. जायला दुसरी जागा नसली की मोकळ्या माणसाची सही कुठे होते, हे सांगायला अर्थशास्त्राचा प्राध्यापक नको. त्यानंतर प्रॉव्हिडन्सचा संघच बंद पडला आणि रॅडबोर्न बॉस्टनकडे गेला. १८८६ च्या हंगामाच्या पहिल्या दिवशी बॉस्टन व न्यूयॉर्कच्या खेळाडूंचे एकत्र छायाचित्र काढले गेले. त्यात सभ्य पोशाखातल्या मिशाळ मंडळींच्या रांगेत रॅडबोर्न गंभीर चेहऱ्याने उभा आहे आणि हाताचे मधले बोट त्याने कॅमेऱ्याला दाखविले आहे. या खुणेचे हे सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र मानतात. खूण न्यूयॉर्कवाल्यांना होती की छायाचित्रकाराला, कोण जाणे.

प्रॉव्हिडन्समध्ये १८८१ व ८२ साली त्याचा एक सहकारी होता, जॉन माँटगोमेरी वॉर्ड. हाही पिचर, पुढे खेळता खेळता कोलंबिया विद्यापीठातून कायद्याचा पदवीधर झाला. १८८५ साली त्याने खेळाडूंची संघटना उभी केली आणि १८८७ मध्ये, बेसबॉलचा खेळाडू ही कोणाची मालमत्ता आहे काय, असा सरळ प्रश्न विचारणारा लेख लिहिला. मालक बधेनात, तेव्हा १८९० साली खेळाडूंनी आपली स्वतःचीच लीग काढली. पस्तिशीतला रॅडबोर्न त्या लीगमध्ये गेला, बॉस्टनच्या नव्या संघासाठी २७ सामने जिंकले आणि त्या संघाने अजिंक्यपद मिळविले. लीगला भांडवल पुरविणाऱ्यांनी मात्र वर्षअखेरीला जुन्या मालकांशी परस्पर तडजोड केली आणि लीग मोडली. राखीव नियम त्यानंतर आणखी ८५ वर्षे टिकला. कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. १९७२ मध्ये तो ५ विरुद्ध ३ अशा मतांनी हरला. अखेर डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली या दोघा पिचरांच्या बाजूने निर्णय दिला आणि करार संपलेला खेळाडू खरोखर मोकळा झाला. आज अमेरिकेत पिचरला कोट्यवधी डॉलर मिळतात त्याचे मूळ त्या निर्णयात आहे.

रॅडबोर्न १८९१ मध्ये सिनसिनाटीकडून शेवटचा हंगाम खेळला. कारकिर्दीतले एकूण विजय ३०९. मग ब्लूमिंग्टनला परतून त्याने मद्यालय व बिलियर्डचा अड्डा चालविला. शिकारीला गेला असता चुकून सुटलेल्या गोळीने त्याचा एक डोळा गेला आणि चेहरा विद्रूप झाला. त्यानंतर तो लोकांसमोर यायला लाजू लागला. गिऱ्हाइके समोरच्या खोलीत बसत, मालक मागच्या अंधाऱ्या खोलीत असे. ५ फेब्रुवारी १८९७ रोजी वयाच्या ४२ व्या वर्षी तो वारला. १९३९ मध्ये बेसबॉलच्या मानवंत खेळाडूंच्या दालनात त्याचे नाव लागले. तोपर्यंत १८८४ च्या प्रॉव्हिडन्स संघाला त्याच्या हातातून चेंडू टाकताना पाहिलेली माणसे फारशी उरली नव्हती.